भाड्याचे विमान आणि परके आकाश



एके काळी आपल्याकडे गावोगाव तासाच्या भाड्याने सायकली मिळत. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. आपण चाकातली हवा आणि ब्रेक तपासून घ्यायचे आणि निघायचे. विमानही असेच तासावर भाड्याने मिळते असे कुणी सांगितले, तर तुम्हाला ती थाप वाटेल. पण अमेरिकेत लहानलहान विमानतळांवरील प्रशिक्षण संस्था आणि वैमानिकांचे क्लब आपली विमाने खरोखरच तासावर भाड्याने देतात. विमानात तास मोजणारे एक मापक बसवलेले असते. त्यावरचा उड्डाणापूर्वीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांच्या फरकावरून भाडे ठरते. इंधनासह भाडे असेल तर त्याला ‘ओले’ भाडे म्हणतात आणि इंधन आपले आपण भरायचे असेल तर ‘कोरडे’.

अशा भाड्याच्या विमानांत सर्वांत जास्त आढळणारे विमान म्हणजे चार आसनांचे सेस्ना १७२. त्याचे पहिले उड्डाण १९५५ मध्ये झाले आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली आहेत. जगात याहून अधिक संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही.

आता अशी कल्पना करा, की भारतात खासगी वैमानिकाचा परवाना मिळवलेली एक तरुणी अमेरिकेत गेली आहे. खासगी वैमानिकाला भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. पण हौसेने स्वतः विमान चालवता येते, मित्रांना बरोबर नेता येते. हा परवाना मिळवण्यासाठी भारतात वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि निदान ४० तासांचे उड्डाण करावे लागते. आपल्या या वैमानिकेने ते सारे केले आहे आणि सेस्ना १७२ हेच विमान चालवले आहे. मग अमेरिकेत तेच विमान भाड्याने घेताना तिला नवे असे काय शिकावे लागणार? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला कायदा थोडासाच लागेल, भौतिकशास्त्र आणि अंकगणित मात्र पुष्कळ लागेल.

विमानाचा देश कोणता?

प्रथम कायदा पाहू. प्रत्येक विमानाची नोंद कोणत्या ना कोणत्या देशात झालेली असते. भारतीय विमानावर ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होणारी खूण असते, तर अमेरिकन विमानावरील खूण ‘एन’ या अक्षराने सुरू होते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्या ५२ देशांत भारतही होता. या कराराच्या ३२ व्या कलमात असे तत्त्व आहे, की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वैमानिकाजवळ त्या विमानाची नोंद ज्या देशात झाली त्या देशाने दिलेला, किंवा त्या देशाने मान्य केलेला, परवाना असला पाहिजे. देशांतर्गत उड्डाणांचे कायदेही साधारणपणे याच विचाराने केलेले असतात. म्हणजे व्हीटी खुणेचे विमान चालवण्याचा परवाना एन खुणेच्या विमानाला आपोआप लागू पडत नाही.

मात्र सगळ्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या संस्थेकडे अर्ज केला, की ती संस्था भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे चौकशी करते : हा परवाना खरा आहे काय, आजही वैध आहे काय? यात आठवडेच काय, महिनेही जाऊ शकतात. म्हणून अर्ज भारतातून निघण्याच्या पुष्कळ आधी करावा लागतो. खात्रीचे पत्र आले, की सहा महिन्यांच्या आत ते घेऊन अमेरिकेत समक्ष हजर व्हायचे. इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता येते ना, हे तेथे पाहिले जाते. वैद्यकीय प्रमाणपत्रही दाखवावे लागते. मग भारतीय परवान्याच्या आधारावर अमेरिकन प्रमाणपत्र मिळते. त्यावर मूळ भारतीय परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. मूळ परवान्याची वैधता संपली, तर या प्रमाणपत्राचाही उपयोग उरत नाही. झाडाच्या मुळाशी आणि फांदीशी असते तसेच हे नाते आहे.

कागद झाले. आता आकाशाकडे वळू.

दाबावरून उंची

विमानातील उंचीमापक खरे म्हणजे उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो. त्यात आतली हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी असते. वर जावे तसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डबी फुगते आणि काटा फिरतो. पण जमिनीवरील दाबही रोज, किंबहुना दर तासाला बदलतो. म्हणून उड्डाणापूर्वी वैमानिकाला त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब विचारून उंचीमापकाच्या खिडकीत तो आकडा लावावा लागतो.

भारतात हा आकडा हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. (पूर्वी यालाच मिलिबार म्हणत.) अमेरिकेत तो पाऱ्याच्या इंचांत सांगतात. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजेच २९.९२ इंच असतो. आता एक गंमत पाहा, पण ही गंमत जिवावर बेतू शकते. अमेरिकेत ‘दोन नऊ नऊ दोन’ म्हणजे २९.९२ इंच हे वैमानिकांच्या कानांत अगदी भिनलेले असते. असा एखादा वैमानिक हेक्टोपास्कल वापरणाऱ्या देशात आला आणि वादळी हवेच्या दिवशी नियंत्रकाने ‘नऊ नऊ दोन’ असे सांगितले, तर तो सवयीने २९.९२ इंच लावण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात सांगितलेला दाब ९९२ हेक्टोपास्कल होता! फरक २१ हेक्टोपास्कलचा झाला. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट उंची पडते. म्हणजे विमान त्याला वाटते त्याहून सुमारे पावणेसहाशे फूट खाली असणार. स्वच्छ उजेडात हे डोळ्यांना दिसेल. ढगात किंवा रात्री डोंगराजवळ दिसणार नाही.

आपली वैमानिका उलट दिशेने गेली आहे, पण सवयीचा धोका तिलाही आहे. जुन्या विमानांत तो आणखी एका जागी दडलेला असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या अनेक सेस्ना विमानांचे वेगमापक ताशी मैलांत आहेत, तर नंतरच्या विमानांचे नॉटमध्ये. उतरताना काटा ६५ नॉटवर ठेवायचा, अशी सवय असलेल्या वैमानिकाने मैलांच्या मापकावर ६५ वर काटा ठेवला, तर खरा वेग ५६ नॉटच भरेल. वेग एका मर्यादेखाली गेला, की पंखांवरून सुरळीत वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान तोलून धरणारा जोर एकाएकी ढासळतो. सवयीच्या आकड्याने वैमानिक त्या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो, आणि तेही जमिनीपासून थोड्याच उंचीवर.

विरळ हवेचा विमानतळ

आता आपल्या वैमानिकेला कोलोरॅडो राज्यातील लेडव्हिल येथे घेऊन जाऊ. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून ९,९३४ फूट, म्हणजे ३,०२८ मीटर उंचीवर आहे. उत्तर अमेरिकेत सार्वजनिक वापराचा इतका उंच दुसरा विमानतळ नाही. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे हा विमानतळ त्याच्या पावणेदोनपटीहूनही अधिक उंचीवर झाला.

विमानाला पंखांवरून वाहणारी हवा उचलते. हवा जितकी विरळ, तितका हा जोर कमी. हवा दोन कारणांनी विरळ होते : उंचीमुळे आणि उष्णतेमुळे. ही दोन्ही कारणे एकत्र करून वैमानिक ‘घनता-उंची’ काढतात. म्हणजे ज्या उंचीवर प्रमाण वातावरणाची घनता आपल्या सभोवारच्या हवेइतकी असते, ती उंची. तिचा ठोकळ हिशेब सोपा आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान असते आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी उतरते. प्रत्यक्ष तापमान यापेक्षा जितके अंश अधिक, तितके १२० फूट विमानतळाच्या उंचीत मिळवायचे. (समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब प्रमाणाइतका आहे, असे येथे धरले आहे.)

लेडव्हिलच्या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे उणे ५ अंश येते. उन्हाळ्यातल्या दुपारी तेथे २० अंश तापमान असेल, तर फरक २५ अंशांचा. २५ गुणिले १२० म्हणजे ३,००० फूट. ते ९,९३४ मध्ये मिळवले, की घनता-उंची झाली सुमारे १२,९०० फूट! माणसाला त्या दुपारी हवा आल्हाददायक वाटेल; विमानाला मात्र आपण जमिनीवरच तेरा हजार फुटांवर उभे आहोत, असे वाटेल.

सेस्ना १७२ च्या ‘एस’ प्रकाराचे आकडे आता पाहा. इंजिन १८० अश्वशक्तीचे. समुद्रसपाटीला हे विमान मिनिटाला ७३० फूट वर चढते. त्याची व्यावहारिक उंचीमर्यादा १४,००० फूट आहे. या मर्यादेवर चढण्याचा वेग मिनिटाला जेमतेम १०० फूट उरतो. म्हणजे लेडव्हिलच्या धावपट्टीवर उभे असतानाच विमान आपल्या मर्यादेच्या जवळ येऊन ठेपलेले असते. चढण्याचा वेग उंचीबरोबर सारखा घटत जातो असे मानले, तर तो तेथे मिनिटाला सुमारे १५० फूट भरतो. समोर डोंगर असेल, तर एवढ्या वेगाने तो ओलांडता येईलच असे नाही.

असे का होते? १२,९०० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असते. पंखांचा जोर घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. घनता दोनतृतीयांश झाली, तर तोच जोर मिळवण्यासाठी वेगाचा वर्ग दीडपट व्हायला हवा. म्हणजे वेग सुमारे १.२२ पट. समुद्रकाठी ५५ नॉटला उचलणारे विमान येथे ६७ नॉटला उचलेल. वेगमापकाचा काटा मात्र दोन्हीकडे ५५ च दाखवील, कारण तोही त्याच विरळ हवेचा दाब मोजत असतो! इकडे इंजिनालाही हवा कमी मिळते. १८० पैकी १२० अश्वशक्तीदेखील उरत नाही. गाठायचा वेग अधिक आणि ओढणारा जोर कमी, त्यामुळे धावपट्टीवरील धाव दुपटीहूनही बरीच वाढते.

समुद्रकाठी लागलेली आणखी एक सवय येथे मोडावी लागते. उड्डाण करताना इंधन-हवेचे मिश्रण पूर्ण दाट ठेवायचे, असे तेथे शिकवतात. विरळ हवेत तसे केले, तर हवेच्या मानाने इंधन फार होते आणि इंजिनाची उरलीसुरली शक्तीही घटते. म्हणून मिश्रण बेताने पातळ करावे लागते. कोलोरॅडोतील अनेक संस्था डोंगरी उड्डाणाचे वेगळे शिक्षण घेतल्याखेरीज आपले विमान डोंगरात नेऊ देत नाहीत, ते यामुळेच.

हा केवळ परदेशाचा प्रश्न आहे, असे मात्र समजू नका. मुंबईचा जुहू विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे. तरी ३५ अंश तापमानाच्या दुपारी तेथील घनता-उंची २,४०० फूट होते. हवेतील बाष्पाने ती आणखी थोडी वाढते, कारण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

चार आसने, पण किती माणसे?

सेस्ना १७२ मध्ये चार आसने आहेत. मग चार मोठी माणसे बसवून, टाक्या पूर्ण भरून निघता येईल का? हिशेब करू. ‘एस’ प्रकाराचे कमाल वजन २,५५० पौंड. रिकाम्या विमानाचे वजन प्रत्येक विमानागणिक थोडे वेगळे असते. आपल्या विमानाचे १,६९० पौंड आहे असे समजू. वापरता येण्याजोगे इंधन ५३ अमेरिकन गॅलन आणि एका गॅलनचे वजन ६ पौंड. म्हणजे इंधनाचे वजन ३१८ पौंड. माणसे चार, प्रत्येकी ७० किलोग्रॅम, म्हणजे २८० किलोग्रॅम अथवा ६१७ पौंड.

१,६९० + ३१८ + ६१७ = २,६२५ पौंड.

मर्यादेपेक्षा ७५ पौंड जास्त! सामानाची एक पिशवीही अजून आपण धरलेली नाही. तेव्हा एक तर माणूस कमी करायचा, नाही तर ७५ पौंडांचे, म्हणजे साडेबारा गॅलन इंधन कमी घ्यायचे. म्हणजे एक तासाहून अधिक उड्डाण कमी झाले. शिवाय अमेरिकेतील नियमाप्रमाणे डोळ्यांनी जमीन पाहत केलेल्या उड्डाणात, मुक्कामी पोहोचल्यावरही दिवसा अर्ध्या तासाचे आणि रात्री पाऊण तासाचे इंधन शिल्लक राहील असा हिशेब निघण्यापूर्वी करावा लागतो. ते हिशेबाबाहेर ठेवून चालत नाही.

या बेरजेत तीन प्रकारची मापे एकत्र आली, हे तुमच्या लक्षात आले असेलच : किलोग्रॅम, पौंड आणि गॅलन. त्यातही अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. मापांची गल्लत किती महागात पडते, याचा धडा २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात मिळाला. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक बिघडलेले होते, म्हणून टाकीतील लिटरांवरून वजन काढण्यात आले. एका लिटरचे वजन सुमारे ०.८ किलोग्रॅम धरायला हवे होते. त्याऐवजी पौंडांतला १.७७ हा आकडा वापरला गेला आणि आलेले उत्तर किलोग्रॅम समजले गेले. विमान निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन निघाले. ४१ हजार फुटांवरून जात असताना इंधन संपत आले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते अजस्र विमान घारीसारखे तरंगत आणून गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानातील सर्व ६९ जण वाचले. येथे कौशल्य कामी आले. पण एक गुणाकार नीट झाला असता, तर त्या कौशल्याची वेळच आली नसती.

सुई आणि उत्तर दिशा

शाळेच्या प्रयोगशाळेतील चुंबकसुई उत्तर दाखवते, असे आपण म्हणतो. महाराष्ट्रात हे जवळजवळ खरे आहे. मुंबईत सुईची उत्तर आणि खरी भौगोलिक उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. या फरकाला चुंबकीय दिक्पात म्हणतात. पण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटलजवळ सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १५ अंश पूर्वेकडे वळलेली असते. ईशान्येकडील मेन राज्यात ती तितकीच पश्चिमेकडे वळते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे नसल्याचा हा परिणाम आहे. नकाशावर खरी उत्तर पाहून मार्ग आखला आणि दिक्पात विसरून होकायंत्राप्रमाणे विमान नेले, तर १५ अंशांच्या चुकीमुळे १०० किलोमीटरनंतर विमान योग्य ठिकाणापासून सुमारे २६ किलोमीटर बाजूला असेल. भारतात ही दुरुस्ती नगण्य असल्यामुळे तिची सवय लागत नाही; म्हणून परदेशात ती आठवणीने करावी लागते.

प्रशिक्षकाबरोबरचे उड्डाण

इतके झाल्यावरही विमानाची किल्ली लगेच हाती पडत नाही. अमेरिकन प्रमाणपत्र वापरून विमानाची मुख्य वैमानिक होण्यापूर्वी तिला तेथील प्रशिक्षकाबरोबर निदान एक तास जमिनीवर चर्चा आणि निदान एक तास उड्डाण करून उजळणी करावी लागते. भाड्याने देणारी संस्थाही आपल्या विमानावर तिची वेगळी परीक्षा घेते. आणखी एक नवी गोष्ट तिला येथे शिकायची असते. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यांपैकी जेमतेम दहाव्या हिश्श्यावर नियंत्रण मनोरा आहे. बाकीच्या ठिकाणी वैमानिक एका ठरलेल्या रेडिओ कंप्रतेवर आपण कोठे आहोत आणि काय करणार आहोत ते स्वतःच जाहीर करतात, इतरांचे ऐकतात आणि डोळे उघडे ठेवून उतरतात. येथे कोणी नियंत्रक ‘उतरा’ असे सांगत नाही.

चांगला प्रशिक्षक या परीक्षेत केवळ हाताचे कसब पाहत नाही. तो विचारतो : आज घनता-उंची किती? इतक्या वजनाने धावपट्टी पुरेल का? पुरत नसेल तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नाला चांगली उत्तरे अनेक आहेत. पहाटे थंड हवेत निघू. इंधन कमी घेऊन मधे उतरून पुन्हा भरू. एका मित्राला खाली ठेवू. आणि कधी कधी एकच योग्य उत्तर असते, ‘आज उडायचे नाही.’ भाडे ठरलेले असते, मित्र जमलेले असतात, सुट्टी संपत आलेली असते. अशा वेळी हे उत्तर देणे सोपे नसते. ते देण्याचे बळ कागदावर केलेल्या हिशेबातून येते. परवाना एका देशातून दुसऱ्या देशात मान्य करून घेता येतो. हवा, वजन आणि मापे यांचा हिशेब मात्र प्रत्येक उड्डाणापूर्वी, त्या जागी आणि त्या दिवशी, नव्याने करावा लागतो.

तुम्ही करून पाहा

१. पुण्याचा लोहगाव विमानतळ १,९४२ फूट उंचीवर आहे. तापमान ३८ अंश सेल्सिअस असताना तेथील घनता-उंची किती?

२. टाकीत १६० लिटर इंधन आहे. ते किती अमेरिकन गॅलन झाले? त्याचे वजन किती पौंड?

३. नकाशावरील खरी दिशा ९० अंश (पूर्व) आहे. चुंबकीय दिक्पात १५ अंश पूर्व आहे. होकायंत्रावर किती अंश धरावेत?

४. पाऱ्याचा एक इंच म्हणजे ३३.८६ हेक्टोपास्कल. ३०.१२ इंच म्हणजे किती हेक्टोपास्कल?

उत्तरे : (१) प्रमाण तापमान सुमारे ११ अंश, फरक २७ अंश, घनता-उंची सुमारे ५,२०० फूट. (२) सुमारे ४२.३ गॅलन, सुमारे २५४ पौंड. (३) ७५ अंश. (४) सुमारे १,०२० हेक्टोपास्कल.